दोन वर्षं मी गोदा होते

सावद्याजवळच्या आमच्या गावातलं ते घर आता केळीच्या घडांनी भरलेलं असतं. गेल्या माघात पुतण्याच्या मुलीच्या लग्नाला मी आणि रुखमा, माझी लेक, जळगावहून गेलो होतो. दुपारी जेवणं आटोपल्यावर पुतण्याने सहज विचारलं, "काकू, जुनं घर पाह्यचं का?" आणि दार ढकललं. आतून गोड, जड, थोडा आंबूस वास अंगावर आला. भिंतींना टेकवून घड उभे केलेले, खाली वाळक्या पानांचा थर, वरच्या झरोक्यातून पडलेला उन्हाचा एक कवडसा. मी उंबऱ्याशीच थांबले. त्या वासाखाली मी दुसरा एक वास शोधत होते. ओव्याच्या धुरीचा, बाळंतशेपेचा, कोमट तिळाच्या तेलाचा, नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा. तो वास कुठेच नव्हता. बत्तीस वर्षांपूर्वी हे घर त्यानेच भरलेलं असायचं.

"माय, आत ये ना," रुखमा म्हणाली.

"नको. इथूनच दिसतं मला."

मी त्या घरात आले तेव्हा चौदा वर्षांची होते. माहेर धुळ्याकडचं, पांझरेच्या काठचं. तिकडची आमची बोली वेगळी. मी "पाणी थंड शे" म्हटलं की सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "अजून एकदा म्हन बरं." त्या हसण्यात डंख नसायचा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, सगळं गाव त्यांना सुंदराअक्का म्हणायचं. आमचं घर न्हाव्याचं. सकाळी यजमान ओसरीवर धोकटी उघडून बसायचे, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सपसप घासायचे, आणि त्या आवाजाने मला जाग यायची. गावातल्या पुरुषांच्या दाढ्या-डोकी यजमानांकडे आणि बायकांची बाळंतपणं आत्याबाईंकडे, अशी आमच्या घराची वाटणी होती.

तेव्हा केळीचे मळे थोडे होते, विहिरींच्या आसपास हिरवे ठिपके असावेत तसे. बाकी सगळा कापूस आणि ज्वारी. दिवाळीनंतर घराघरांत कापसाचे ढीग पडायचे, आणि ते उबदार, कोरडं, नाकात शिरणारं कापसाचं वारं गावभर फिरायचं. आत्याबाईंच्या धावपळीचे दिवसही तेच. कधी या आळीतून बोलावणं, कधी त्या. त्यांचं एक पांढरं फडकं असायचं. त्यात हळदीची पुडी, ओव्याची पुडी, कच्च्या सुताची गुंडी आणि एक जुना वस्तरा. निघण्यापूर्वी त्या वस्तरा चुलीच्या जाळावर धरायच्या, फुंकायच्या आणि फडक्याला गाठ मारून चालू लागायच्या. त्यांची चाल भारी झपाट्याची. मागून मी, हातात तेलाची वाटी.

वाटेत एखाद्या मिशाळ गड्याला थांबवून त्या म्हणायच्या, "तू पायाळू रे. उलटा आला होता. लई दमवलं तू मले." तो बिचारा मान खाली घालायचा. कोणाचा जन्म कोणत्या महिन्यात, रडायला किती वेळ लागला, कोणाच्या कपाळावर जन्मतः डाग होता आणि तो केव्हा गेला, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं. त्यांना त्याची गरज नव्हती.

एका घराबद्दल मात्र त्या कधी बोलायच्या नाहीत. नाल्यापलीकडे एक निंब होता, आणि निंबाखाली पडक्या घराचा मातीचा ढिगारा. त्या वाटेने जवळ पडत असलं तरी आत्याबाई वळसा घालून जायच्या. मी एकदा विचारलं तेव्हा त्या चालता चालता एवढंच म्हणाल्या, "गोदाचं घर होतं ते. पोर मेलेलीच निघाली. गोदा दुसऱ्या दिवशी गेली. रगत थांबलं नाही." 

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मूल दोन दिवसांचं होऊन गेलं. परत आले तेव्हा आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी माहेरी जायचं नाही. तुझं पोर मी माह्या हातानं घेईन." ते ऐकून मला किती धीर आला होता, हे मला आजही आठवतं. पुढे त्याच वाक्याची मला भीती वाटू लागली.

केव्हा सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला बहुतेक. गावात झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या, घरोघरी खापरावरचे मांडे. आत्याबाई मांड्याची ख्याती असलेली बाई. त्या दिवशी त्यांनी पिठाचा उंडा हातावर घेतला, फिरवायला लागल्या आणि थांबल्या. हातावर पीठ लोंबत राहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. "आता काय करायचं असतं गं?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग मीठ दोनदा पडू लागलं, किंवा पडेनासं झालं. चुलीवर काहीच न ठेवता त्या जाळ घालत बसायच्या. विहिरीवरून हंडा न घेता परत यायच्या. यजमानांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "म्हातारी झाली ती. थकते." मीही तसंच मानायचं ठरवलं. आम्हा दोघांनाही तेच हवं होतं.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीला केसरबाईंचं बाळंतपण आलं. केसरबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मारवाडी दुकानदाराची बायको. राजस्थानातून लग्न होऊन आलेली, वयाने माझ्याएवढीच. मुलगा झाला. आत्याबाईंनी वस्तरा घेतला आणि नाळ कापली. मी तेल कोमट करत होते. वळून पाहिलं तर बाळाच्या पोटावरून रक्त वाहत होतं आणि आत्याबाई शांतपणे हात धूत होत्या. सूत बांधलंच नव्हतं. सुताची गुंडी फडक्यात तशीच पडलेली.

मी झेप घेतली, नाळ चिमटीत घट्ट धरली, दुसऱ्या हाताने आणि दातांनी सूत ओढून गाठ मारली. केसरबाईंचे डोळे मिटलेले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आत्याबाई माझ्या रक्ताळलेल्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "बांधलं होतं ना मी?"

"हो," मी म्हटलं. "सुटलं होतं."

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नसतं. त्या दिवसांत मला तिसरा महिना होता.

त्यानंतरचे सहा महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दिवसभर मी त्यांच्या हातांकडे बघायची. ते हात अजून तसेच होते, रुंद, कोरडे, नखं बारीक कापलेली. ओटीपोटावर हात ठेवून त्या म्हणायच्या, "डोकं खाली आलं हाये. काही भ्यायचं नाही." त्या वेळी त्यांचा आवाज पूर्वीचाच असायचा. आणि लगेच विचारायच्या, "तुझ्या माहेराहून कोणी आलं नाही का? पहिलटकरीण तू." मी पहिलटकरीण नव्हते. मी म्हणायची, येतील. मी सूत कापून त्याचे तुकडे करून उशीखाली, पदराच्या गाठीत, भिंतीच्या कोनाड्यात ठेवले होते. त्यांना आठवलं नाही तर मी स्वतः बांधेन, असं मी ठरवलं होतं. शुद्ध राहील की नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं.

फाल्गुनात कळा सुरू झाल्या. आणि त्या दिवशी आत्याबाईंनी एक चूक केली नाही. वस्तरा जाळावर धरला, पाणी उकळलं, माझ्या कमरेला तेल चोळलं, वेळेवर दटावलं, वेळेवर गोंजारलं. सूत दोन ठिकाणी बांधलं, मग कापलं. रुखमा झाली, आणि पहिल्याच श्वासाला रडली. आत्याबाईंनी तिला उचलून धरलं आणि म्हणाल्या, "बघ, धडधाकट हाये." मी रडत होते. सगळं मागे पडलं असं वाटलं. इतकं बिनघोर मी त्यानंतर कधी झोपले नाही.

ती झोप अकराव्या दिवशी दुपारी मोडली. ऊन चढलेलं, बाहेर कावळे ओरडत होते. खोलीत धुरीचा निळा धूर तरंगत होता. मी हात बाजूला नेला. गोधडी गार होती. रुखमा नव्हती.

आधी वाटलं, आत्याबाईंनी तेल लावायला नेली असेल. हाक मारली. ओसरीवर पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं. यजमान लोकांच्या दाढ्या करायला मळ्यांकडे गेले होते. कोनाड्यात पाहिलं तर आत्याबाईंचं पांढरं फडकं जागेवर नव्हतं. आत्याबाई बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि गावात त्या दिवशी कोणाचंच बाळंतपण नव्हतं.

बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. मी अनवाणी गल्लीत आले. कोणीतरी धावत जाऊन यजमानांना घेऊन आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता विहिरीकडे पळाले. मागून आणखी तिघेचौघे गेले, एकाच्या हातात दोरीला बांधलेला लोखंडी गळ होता. बुडालेली घागर काढतात तो. गळ पाण्यात पडल्याचा आवाज मी गल्लीतून ऐकला. मग तो वर ओढल्याचा. मग पुन्हा पडल्याचा. 

केसरबाई त्यांच्या ओट्यावरून उतरून माझ्याजवळ आल्या. "बाई, काय झालं?"

"आत्याबाई पोर घेऊन गेल्या. तुम्ही पाहिलं का?"

"पाहिलं ना. मघाशीच गेली अक्का. मी विचारलं, कुठे चाललीस, तर बोलली, गोदाला तिची पोर पोचवायची आहे. ही गोदा कोण?"

केसरबाई गावात नव्या. त्यांना गोदा माहीत नव्हती. मी नाल्याकडे निघाले. केसरबाई माझा दंड धरून बरोबर आल्या.

आत्याबाई त्या मातीच्या ढिगाऱ्यापुढे निंबाखाली बसल्या होत्या. निंबाला मोहोर आलेला, त्याची पांढरी फुलं त्यांच्या केसांवर पडलेली. पदराखाली रुखमा होती. भुकेने तिचा आवाज बारीक झालेला. आत्याबाई ढिगाऱ्याकडे बघत म्हणत होत्या, "गोदे, कवाड उघड. किती वेळ झाला मी बसली."

"आत्याबाई," मी म्हटलं, "द्या तिला माझ्याकडे. भुकेली आहे."

त्या उठल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू कोन?"

"मी तुमची सून."

"मले सून नाही. माह्या पोराचं लगीन व्हायचं हाये अजून."

मी एक पाऊल पुढे टाकलं. त्या दोन पावलं मागे सरल्या. मागे नाल्याची दरड होती, दोन पुरुष खोल. पायाखालची माती सुटून खाली गेली ते मी पाहिलं. केसरबाईंनी माझा दंड आवळला.

"लोकाची पोर मागती का तू?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा हात रुखमाच्या मानेखाली नीट होता. त्या पोराला कधीही चुकीचं धरायच्या नाहीत. "ही गोदाची हाये. मी गोदाच्याच हातात देईन."

आणखी एक पाऊल, आणि दोघी खाली गेल्या असत्या. मला दुसरं काही सुचलं नाही. जिभेवर माहेरचं 'शे' आलं होतं, ते गिळलं आणि म्हटलं, "अक्का, मीच गोदा."

त्या थांबल्या. वाऱ्याने निंबाची फुलं पडत होती. त्या हळूहळू माझ्याजवळ आल्या, इतक्या जवळ की त्यांच्या तोंडाचा ओव्याचा वास मला आला.

"तू मेली होती ना?"

"नाही, अक्का."

"इतकं रगत गेलं. मी दाबून धरलं होतं. थांबलं नाही."

"थांबलं नंतर. मला झोप लागली होती."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मग पदर बाजूला केला आणि रुखमाला माझ्या हातात दिलं. "मान धर तिची," म्हणाल्या. आणि तिथेच मातीत बसून त्या रडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. "मले वाटलं मेली," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "इतकी वर्सं मले वाटलं, मेली."

घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, "उद्यापासून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावायची. नाहीतर मी पोर घेऊन धुळ्याला जाते." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सुताराने कडी ठोकली.

आळीतल्या बायका निराळंच बोलत होत्या. अकरा दिवसांच्या बाळंतिणीने मेलेल्या बाळंतिणीचं नाव स्वतःला लावून घेतलं, हे त्यांना भलतंच वाटलं. एकीने लिंबू उतरवून टाकलं, दुसरीने रुखमाच्या दंडाला काळा दोरा बांधला. मलाही भीती वाटत होती. दुपारी डोळा लागला की निंबाखालून कोणीतरी चालत येतंय असं वाटायचं. मी रुखमाला माझ्या पदराशी गाठ मारून निजायची.

आणि रोज दुपारी, बरोबर त्या वेळेला, आतून दारावर थाप पडायची.

"कोनी हाये का रे? बाई अडली हाये. मले जाऊ द्या."

पहिल्यांदा हळू. मग जोरात. मग दोन्ही हातांनी. मी ओसरीवर रुखमाला घेऊन बसायची आणि कानावर हात ठेवायची. गल्लीतून जाणारे लोक थांबायचे. ज्यांना त्या हातांनी जगात आणलं, तेच लोक. ते थांबायचे आणि निघून जायचे. असे वीसेक दिवस गेले. एके दिवशी थापा बंद झाल्या, म्हणून मी कडी काढली. आत्याबाई दाराशी बसल्या होत्या. दोन्ही हातांची कातडी सोलवटली होती. त्या मला म्हणाल्या, "मेली गं ती बाई. उशीर झाला मले." आणि तळवे माझ्यापुढे धरले. मी आतमध्ये त्यांच्यासाठी काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. रोज दुपारी तिथे कोणीतरी मरत होतं, आणि त्या एकट्या ते बघत होत्या.

यजमान त्यांना बैलगाडीत घालून सावद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आत्याबाईंना नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती विचारलं. त्यांनी सगळी उत्तरं दिली, वीस वर्षांपूर्वीची. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "तिला कोणी झपाटलेलं नाही. आणि ती सोंगही करत नाही. म्हातारपणी काहींचा मेंदू असा झिजतो. नवं आधी पुसलं जातं, जुनं मागे राहतं. ती जिथे आहे, तिथलंच तिला खरं दिसतं."

"बरी होईल ना?" यजमानांनी विचारलं.

"नाही. पण तिच्याशी वाद घालू नका. घाबरलेल्या माणसाशी वागावं तसं वागा. आणि एकटी सोडू नका."

 घाबरलेल्या आत्याबाई आहेत, हे माझ्या मनात तोपर्यंत कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं, घाबरलेली मी आहे.

कडी काढून टाकली. आणि मग आमचं नवं रोजचं काम सुरू झालं. दुपारी त्या उठल्या, फडकं शोधू लागल्या, की मी म्हणायची, "चला अक्का." रुखमाला कडेवर घ्यायची, त्यांच्या मागून चालायची, पूर्वीसारखीच. फडक्यातला वस्तरा मी काढून घेतला होता, हळद, ओवा, सूत तसंच होतं. आम्ही गल्लीच्या टोकाला जायचो. केसरबाई दारात उभ्या असायच्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. नाळेचंही.  त्यांनी ऐकून घेतलं, रांगणाऱ्या मुलाला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "माझा मुलगा आहे ना समोर? मग झालं."

"आवो अक्का, बैठो," त्या म्हणायच्या. "फार उशीर केला तुम्ही. पण सगळं बरं झालं. मुलगी झाली."

"बाई कशी हाये?"

"चांगली आहे."

"रगत?"

"थांबलं."

आत्याबाई मान हलवायच्या. केसरबाई त्यांना गुळाचा खडा आणि पाणी द्यायच्या. मग आम्ही परत यायचो, आणि त्या गाढ झोपायच्या. पाऊस गेला, कापूस आला, घरोघरी ढीग पडले. रोज एक बाळंतपण, रोज आई आणि मूल सुखरूप. त्या मला गोदा म्हणायच्या आणि मी ओ द्यायची. माझं नाव घरात फक्त यजमान घ्यायचे, आणि तेसुद्धा क्वचित. कधी कधी विहिरीवर कोणी माझं खरं नाव घेतलं तर मला वळून बघायला एक क्षण लागायचा.

भीती गेली नव्हती. ती घरातच राहायला आली होती. रुखमा दहा महिन्यांची असताना मी पाणी आणून आत आले, तर ती चटईवर उघडी झोपलेली आणि आत्याबाई तिच्याजवळ गुडघे टेकून बसलेल्या. एका हातात यजमानांच्या धोकटीतला वस्तरा. दुसरा हात रुखमाच्या बेंबीवर.

"नाळ कापायची राह्यली," त्या म्हणाल्या.

हंडा मी खाली कसा ठेवला, आवाज झाला की नाही, मला आठवत नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. ओरडायचं नाही, हात धरायचा नाही, एवढं मला कळत होतं.

"अक्का, मघाशीच कापली तुम्ही."

"कापली?"

"हो. मी पाहिलं ना."

त्यांनी रुखमाकडे पाहिलं. पातं तिच्या पोटापासून बोटभर वर होतं. "बांधली का?"

"बांधली. दोन ठिकाणी. मग कापली."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि वस्तरा माझ्या हातात दिला, काम संपल्यावर द्यायच्या तसाच, मूठ माझ्याकडे करून.

त्या दिवसापासून यजमान धोकटी शेजाऱ्यांकडे ठेवू लागले. सकाळचा तो सपसप आवाज घरातून गेला. मी त्या रात्री आणि पुढे कित्येक दिवस जेवू शकले नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलंच, "चला अक्का."

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचं चालणं थांबलं. मग बोलणं. गोदा हे नावही गेलं. घास तोंडात राहायचा, गिळायचं त्या विसरायच्या. मी गळ्यावरून बोट फिरवायची, मग तो खाली उतरायचा. पौषात एका सकाळी त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांची बोटं मात्र गोधडीच्या दोऱ्यांना गाठी मारत असायची. बारीक, घट्ट, दोन-दोन. त्यांना आंघोळ घालून गोधडी बाजूला केली तेव्हा कडेला सगळीकडे त्या गाठी होत्या. मी त्या सोडल्या नाहीत. गोधडी पुढे बरीच वर्षं वापरली.

यजमानांनी नंतर जळगावला स्टेशनजवळ दुकान थाटलं. रुखमा तिथे शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. मलाही तिनेच अक्षर शिकवलं, पाटीवर हात धरून. यजमान जाऊन आता सात वर्षं झाली.

माघातल्या त्या दिवशी लग्नाहून परतताना आम्ही सावद्याच्या स्टेशनवर बाकावर बसलो होतो. भुसावळकडची गाडी यायला अवकाश होता. फलाटावर केळीच्या पाट्या रचलेल्या, थंडीचं ऊन. मला वाटलं, हे सगळं रुखमाला आज सांगावं. इतकी वर्षं मी तिच्यापासून ते लपवलं होतं. आजीने तिला उचलून नेलं, मी आजीला कोंडून ठेवलं, यातलं कोणतं सांगणं जास्त कठीण, हे ठरत नव्हतं म्हणून.

मी सांगायला लागले. अकरावा दिवस, गार गोधडी, विहिरीतला गळ. रुखमा ऐकत होती. मध्ये मध्ये "मग?" म्हणत होती. मी केसरबाईंपर्यंत आले, त्यांनी माझा दंड धरला, आम्ही नाल्याकडे निघालो, एवढं सांगून श्वास घ्यायला थांबले.

"आणि आजी निंबाखाली बसली होती," रुखमा म्हणाली. "केसांत फुलं पडलेली."

मी तिच्याकडे पाहिलं. निंबापर्यंत मी अजून आलेच नव्हते.

"तुला कोणी सांगितलं?"

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"रुखमे, कोणी सांगितलं तुला?"

"तूच सांगितलंस, माय."

"केव्हा?"

"आखाजीला सांगितलंस. मग दिवाळीला." ती थांबली. "परवा निघायची तयारी करताना सांगितलंस. काल जेवल्यावरही."

फलाटावर हमाल पाट्या उचलू लागले. मी दिवाळी आठवायचा प्रयत्न केला. पणत्या आठवल्या, फराळाचे डबे आठवले, शेजारची कोण कोण आली ते आठवलं. सांगितल्याचं आठवलं नाही. काल जेवायला काय होतं, हे आठवू लागले आणि पुढे जाण्याची हिंमत झाली नाही.

"मग आज का ऐकत बसलीस?"

"तुला सांगायचं होतं ना," रुखमा म्हणाली.

लांबून गाडीची शिट्टी आली. लोक उठले. रुखमाने माझं बोचकं काखेत घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट, गर्दीत लहान मुलाचं धरतात तसं. मी हात सोडवून घेतला नाही. गाडी थांबली, आणि ती मला धरून डब्याकडे चालू लागली.